माणुसकीची कसोटी : ई. एम्. फॉर्स्टर यांच्या चरित्राच्या निमित्तानें

धर्माचा आधार काढून घेतला तर नीति उभी राहील कीं कोसळेल, हा वाद आपल्या वाचकांस नवा नाहीं. आगरकरांनीं १८८८ सालीं 'सुधारक' काढल्यापासून तो महाराष्ट्रांत कधीं मोठ्या तर कधीं दबक्या आवाजांत चालूच आहे. तथापि या वादांत भाग घेणारे बहुतेक लोक असे असतात कीं, धर्मानें घालून दिलेल्या चाकोरींत त्यांचें स्वतःचें आयुष्य सुखानें चालू शकतें. विवाह, संसार, मुलेंबाळें, चार लोकांतील मान या सर्व गोष्टी त्यांना मिळालेल्या असतात; ईश्वरावरील श्रद्धा राहिली काय आणि गेली काय, त्यांच्या उंबऱ्याच्या आंत त्यामुळें फारसा फरक पडत नाहीं. त्यांच्यापुरता हा वाद म्हणजे बुद्धीचा विलास होय. परंतु ज्यांच्या अंतःकरणांतील प्रेमच धर्मशास्त्रानें पाप आणि कायद्यानें गुन्हा ठरविलें, त्यांची गोष्ट वेगळी. प्रचलित शास्त्रांत आपल्याला जागा नाहीं असें कळून चुकल्यावर त्यांच्यापुढें दोनच वाटा उरतात : स्वतःला पापी मानून जन्मभर झुरत राहणें, किंवा बरें कोणतें व वाईट कोणतें हें ठरविण्याचें माप स्वतः शोधून काढणें.

समलिंगी स्त्रीपुरुषांच्या जीवनांत इहवादी नीतीला जें महत्त्व आलें तें या दुसऱ्या वाटेमुळें. ही वाट पुष्कळांनीं चोखाळली. परंतु तिची चढण, तिच्यावर लागलेल्या ठेंचा आणि एके ठिकाणीं घसरलेला पाय हें सर्व ज्याच्या चरित्रांत स्पष्टपणें लिहिलेलें सांपडतें असा पुरुष म्हणजे इंग्रज कादंबरीकार एडवर्ड मॉर्गन फॉर्स्टर. 'ए पॅसेज टु इंडिया' या कादंबरीचे कर्ते म्हणून आपल्याकडील सुशिक्षितांस त्यांचें नांव ठाऊक आहे. परंतु ते स्वतः समलिंगी होते, उत्तर आयुष्यांत इंग्लंडांतील मानवतावादी संस्थांचे ते आधारस्तंभ होते, आणि त्यांच्या नीतिविचाराची सर्वांत कठीण परीक्षा एका मराठी संस्थानाच्या राजवाड्यांत झाली, या तीन गोष्टींचा एकत्र विचार आपल्याकडे फारसा झालेला दिसत नाहीं. तो येथें करावयाचा आहे.

प्रथम त्या काळचा कायदा पाहूं. आठव्या हेन्रीच्या कारकीर्दींत, १५३३ सालीं, इंग्लंडांत 'अनैसर्गिक' संभोगाला देहान्त शिक्षा सांगणारा कायदा झाला. त्याअन्वयें शेवटची फांशी १८३५ सालीं लंडनमध्यें दोन गरीब माणसांना झाली. फांशीची तरतूद कायद्याच्या पुस्तकांतून निघावयास मात्र १८६१ साल उजाडावें लागलें. पुढें १८८५ सालीं एका नव्या कायद्यांत असें कलम घुसविण्यांत आलें कीं, पुरुषांनीं परस्परांशीं केलेल्या कोणत्याहि 'असभ्य' वर्तनाला, तें चार भिंतींच्या आड असलें तरी, दोन वर्षांपर्यंत कैद व्हावी. याच कलमाखालीं १८९५ सालीं ऑस्कर वाइल्ड यांना दोन वर्षें सक्तमजुरीची शिक्षा झाली. हिंदुस्थानांत १८६० च्या दंडसंहितेंत ३७७ वें कलम आलें व १८६२ पासून तें अमलांत आलें. त्याची कमाल शिक्षा जन्मठेपेची होती. स्त्रियांचा प्रकार निराळा. इंग्लंडच्या कायद्यांत त्यांचा उल्लेख नव्हता. १९२१ सालीं तो घालण्याचा यत्न झाला तेव्हां वरिष्ठ सभागृहांतील लॉर्डांनीं तो हाणून पाडला. परंतु दयेपोटीं नव्हे, तर ज्या स्त्रियांनीं असें कांहीं ऐकलेंहि नाहीं त्यांच्या कानांवर तें जाऊं नये म्हणून! अशा रीतीनें पुरुषांच्या वाट्याला तुरुंग आला आणि स्त्रियांच्या वाट्याला मौन.

वाइल्ड तुरुंगांत गेले तेव्हां फॉर्स्टर सोळा वर्षांचे होते. त्यांचा जन्म १ जानेवारी १८७९ रोजीं लंडनमध्यें झाला. दोन वर्षांचे होण्यापूर्वींच वडील क्षयानें गेले, आणि आई व नात्यांतील वडीलधाऱ्या बायका यांच्या छायेंत हा एकुलता एक मुलगा वाढला. वडिलांचें आजोळ थॉर्न्टन घराण्याचें. हें घराणें क्लॅपहॅम येथील त्या धर्मनिष्ठ मंडळींपैकीं, ज्यांनीं विल्बरफोर्सच्या बरोबरीनें गुलामांचा व्यापार बंद पाडण्यासाठीं पार्लमेंटांत वर्षानुवर्षें झुंज दिली. फॉर्स्टर यांचे पणजोबा हेन्री थॉर्न्टन हे त्या झुंजींतले एक. त्यांची कन्या मेरिअन थॉर्न्टन हिनें मृत्युपत्रानें ठेवलेल्या ८,००० पौंडांवर फॉर्स्टर यांचें शिक्षण झालें व पुढें लेखनासाठीं लागणारें स्वास्थ्य त्यांना लाभलें. त्या आजीचें चरित्र त्यांनीं १९५६ सालीं मोठ्या कृतज्ञतेनें लिहिलें. गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या या घराण्याची आठवण वाचकांनीं मनांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

१८९७ सालीं ते केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजांत दाखल झाले. तेथें त्यांची ख्रिस्ती श्रद्धा गळून पडली. कोणताहि मोठा मानसिक झंझावात न होतां, पिकलेलें पान गळावें तशी ती गेली. श्रद्धेच्या जागीं काय आलें, हा खरा प्रश्न आहे. त्या काळीं केंब्रिजमधील बुद्धिमान तरुणांवर जी. ई. मूर या तत्त्वज्ञाचा पगडा होता. मूर यांचा 'प्रिन्सिपिया एथिका' हा ग्रंथ १९०३ सालीं प्रसिद्ध झाला. व्यक्तिव्यक्तींमधील स्नेह आणि सौंदर्याचा आस्वाद याच मानवी जीवनांतील सर्वांत मोलाच्या वस्तु होत, असा त्यांचा निष्कर्ष होता. मित्रांच्या सहवासांतून हा विचार फॉर्स्टर यांच्या मनांत मुरला. परंतु इतरांना जें तत्त्वज्ञान वाटलें तें त्यांना औषधासारखें लागू पडलें. कारण स्नेह हेंच जर श्रेष्ठ मूल्य असेल, तर एका पुरुषानें दुसऱ्या पुरुषावर केलेलें प्रेम तें केवळ तसें आहे म्हणून हीन ठरत नाहीं. तें हीन कीं उदात्त हें त्या प्रेमाच्या गुणावरून ठरेल.

हा विचार कादंबरीच्या रूपानें मांडण्याची प्रेरणा त्यांना १९१३ सालीं झाली. डर्बीशरमधील मिलथॉर्प या खेड्यांत एडवर्ड कार्पेंटर नांवाचे समाजवादी लेखक आपल्या सोबत्यासह उघडपणें राहत असत. त्यांच्याकडे फॉर्स्टर गेले, आणि दोन पुरुष एका छपराखालीं संसार करूं शकतात हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें. घरीं परतल्यावर त्यांनीं 'मॉरिस' ही कादंबरी लिहावयास घेतली व १९१४ सालीं ती पुरी केली. तिचा नायक सामान्य बुद्धीचा, मध्यम वर्गांतला, दलालीचा धंदा करणारा तरुण आहे. आणि त्याच्या प्रेमकथेचा शेवट सुखाचा आहे. हा सुखान्तच तिच्या आड आला. नायकानें गळफास घेतला असता तर पुस्तक छापण्यास अडचण पडली नसती, अशा अर्थाचें फॉर्स्टर यांनीं १९६० सालीं तिच्या शेवटीं जोडलेल्या टिपणांत लिहिलें आहे. समाजाला पाप्याचें दुःख वाचावयास आवडतें. त्याचें सुख सहन होत नाहीं. कादंबरीचें हस्तलिखित निवडक मित्रांच्या हातीं फिरत राहिलें व कपाटांत परत येत राहिलें. तें छापलें गेलें १९७१ सालीं, म्हणजे लिहून पुरें झाल्यावर ५७ वर्षांनीं आणि लेखकाच्या निधनानंतर एक वर्षानें.

येथपर्यंतची कथा छळ झालेल्या एका सज्जनाची आहे, आणि ती येथेंच थांबविली असती तर लेख सोपा झाला असता. परंतु धर्मग्रंथ बाजूस ठेवून माणुसकी हेंच माप हातीं घेतल्यावर तें माप स्वतःलाहि लावावें लागतें. तो प्रसंग देवासास आला.

माळव्यांतील देवास हें मराठ्यांचें संस्थान. अठराव्या शतकांत तुकोजी व जिवाजी या दोन पवार बंधूंपासून त्याच्या थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन शाखा झाल्या व एकाच गांवांत दोन राजे नांदूं लागले. थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव हे कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचे जांवई. फॉर्स्टर यांची व त्यांची पहिली भेट १९१२ च्या अखेरीस झाली. पुढें १९२१ सालीं महाराजांचे खासगी चिटणीस म्हणून फॉर्स्टर देवासास सुमारें सहा महिने राहिले. चामुंडेच्या टेंकडीच्या पायथ्याशीं वसलेल्या या लहानशा राजधानींतील गोकुळाष्टमीचा उत्सव त्यांनीं हिंदी पोशाख करून, अनवाणी पायांनीं, आंत शिरून पाहिला. त्याचें वर्णन त्यांच्या 'द हिल ऑफ देवी' या १९५३ सालच्या पुस्तकांत आहे, आणि 'ए पॅसेज टु इंडिया'च्या तिसऱ्या भागांतील मंदिराचा देखावा त्यावरूनच उभा राहिला आहे. त्या भागांत आपल्या तुकोबांचें नांव येतें तें या मराठी दरबाराच्या परिचयामुळें. महाराज भाविक आणि फॉर्स्टर अश्रद्ध. तरीहि दोघांचा स्नेह अकृत्रिम होता.

या मुक्कामांतील एक प्रकरण मात्र त्या पुस्तकांत नाहीं. तें फॉर्स्टर यांनीं वेगळें लिहून ठेवलें व तें १९८३ सालीं, त्यांच्या पश्चात्, छापलें गेलें. आपल्या प्रवृत्तीचा बोभाटा दरबारांत झाला असावा अशा भीतीनें त्यांनीं एके दिवशीं महाराजांपाशीं स्वतःच कबुली दिली. महाराजांनीं संताप केला नाहीं. मित्राचें दुःख ऐकावें तसें ऐकून घेतलें, आणि पुढें दरबारच्या एका न्हाव्याशीं त्यांचा संबंध जुळून येण्यास साहाय्यहि केलें. महाराजांची ही सहृदयता त्या काळच्या इंग्रज न्यायाधीशांत शोधून सांपडली नसती. परंतु त्या तिघांत एकजण राजा होता, दुसरा राजाचा गोरा चिटणीस होता, आणि तिसरा हुकमाचा ताबेदार होता. त्या ताबेदारानें ही गोष्ट चार ठिकाणीं बोलून दाखविली असें कळतांच फॉर्स्टर यांनीं त्याला मारलें. त्यानंतरहि संबंध चालू राहिला. पण त्यांत आतां दुसऱ्याला दुखविण्याची इच्छा मिसळली होती. हें सर्व फॉर्स्टर यांनींच लिहिलें आहे. तो मनुष्य आपल्याला हक्क नसलेल्या गुलामासारखा वाटला व आपण कोणी जाब न विचारणाऱ्या जुलमी सत्ताधीशासारखे झालों, अशी त्यांची कबुली आहे.

गुलाम हा शब्द हेन्री थॉर्न्टनच्या पणतवाच्या लेखणींतून उतरला, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या कबुलीचें वजन कळतें. ती अपुरीहि आहे, हें सांगितलें पाहिजे. त्या न्हाव्याला काय वाटलें, त्याला नकार देतां आला असता काय, मार खाल्ल्यावर तो कोणाकडे दाद मागणार होता, याचा एक शब्दहि कोठें नाहीं. धन्याची बाजू छापली गेली. चाकराची हवेंत विरून गेली. स्वतःच्या अधःपाताचें दुःख फॉर्स्टर यांना झालें. चाकराच्या दुःखाचा विचार त्या मानानें त्यांच्या लेखांत कमी आहे.

तथापि या प्रकरणाचा नीतिदृष्ट्या जो धडा आहे तो महत्त्वाचा आहे. नऊ वर्षांनीं, १९३० सालीं, फॉर्स्टर यांची ओळख लंडनमधील एका तरुण पोलीस शिपायाशीं झाली. या शिपायानें १९३२ सालीं एका परिचारिकेशीं लग्न केलें. फॉर्स्टर यांना प्रथम मत्सर वाटला. तिलाहि हा मनुष्य आपल्या संसारांत कशाला, असें वाटल्यास नवल नाहीं. परंतु त्या तिघांनीं हळूहळू एकमेकांना जागा करून दिली. त्या जोडप्याला मुलगा झाला तेव्हां फॉर्स्टर त्याचे धर्मपिता झाले. तिला क्षयामुळें आरोग्यधामांत जावें लागलें तेव्हां ते तिच्या पाठीशीं उभे राहिले. तो मुलगा तरुणपणींच वारला तेव्हां तें दुःख तिघांचें झालें. हा स्नेह ४० वर्षें टिकला. शेवटच्या आजारांत फॉर्स्टर यांना आपल्या घरीं नेलें तें याच पतिपत्नींनीं, आणि कॉव्हेंट्री येथील त्यांच्या घरांतच ७ जून १९७० रोजीं त्यांनीं देह ठेवला. ज्या स्त्रीला त्यांचा द्वेष करण्याचा सर्वांत अधिक हक्क होता तिनें अखेरच्या दिवसांत त्यांची शुश्रूषा केली.

आतां देवासचें प्रकरण आणि हें प्रकरण इंग्लंडच्या जुन्या कायद्याच्या तराजूंत घालून पाहा. दोन्हींचें वजन सारखेंच भरेल. पाद्र्याच्या तराजूंतहि तेंच. दोन्ही ठिकाणीं पाप एकच आणि प्रायश्चित्तहि एकच. किंबहुना देवासास गुप्तता अधिक राखली गेली असती तर तें प्रकरणच कमी निंद्य ठरलें असतें. परंतु माणुसकीच्या तराजूंत त्यांचें अंतर जमीनअस्मानाचें आहे. एका ठिकाणीं दुसऱ्या माणसाचें माणूसपण पायदळीं तुडविलें गेलें. दुसऱ्या ठिकाणीं तीन माणसें एकमेकांच्या आधारानें अधिक चांगलीं झालीं. ज्या मापाला हा भेद दिसत नाहीं तें माप कडक असेल, पण नीतीचें खासच नव्हे. धर्माचें बंधन सुटलें कीं मनुष्य मोकाट सुटतो, असा जो आक्षेप इहवादी नीतीवर घेतला जातो त्याचें उत्तर येथें आहे. ही नीति अधिक सैल नाहीं, अधिक बारकाईची आहे. ती काय केलें एवढेंच विचारीत नाहीं. कोणाशीं, कोणाच्या संमतीनें, आणि त्याला नाहीं म्हणतां येत होतें काय, असें विचारते. त्या प्रश्नापुढें फॉर्स्टर पोलिसाच्या घरीं उत्तीर्ण झाले आणि देवासच्या राजवाड्यांत नापास झाले.

ही बारकाई त्यांच्यांत सर्वत्र होती असेंहि नाहीं. १९२८ सालीं रॅडक्लिफ हॉल या लेखिकेची 'द वेल ऑफ लोन्लिनेस' ही स्त्रीस्त्रींच्या प्रेमावरील कादंबरी सरकारनें कोर्टांत खेंचली. फॉर्स्टर यांनीं व्हर्जिनिया वुल्फ यांच्यासह वर्तमानपत्रांत निषेधाचें पत्र लिहिलें. साक्ष देण्याचीहि त्यांची तयारी होती. मॅजिस्ट्रेटनें लेखकांच्या साक्षी ऐकण्याचें नाकारलें व पुस्तक नष्ट करण्याचा हुकूम दिला. परंतु त्याच सुमारास खासगी बैठकींत फॉर्स्टर यांनीं स्त्रियांच्या अशा प्रेमाविषयीं आपल्याला किळस वाटते असें बोलून दाखविलें. स्त्रियांनीं पुरुषांवांचून स्वतंत्र असावें हें त्यांना रुचत नव्हतें. ही नोंद व्हर्जिनिया वुल्फ यांच्या रोजनिशींत आहे, आणि ती वाचून मनाला वाईट वाटतें. स्वतः अन्याय सोसलेला मनुष्य दुसऱ्याच्या अन्यायाविषयीं आपोआप शहाणा होत नाहीं. मात्र किळस वाटत असूनहि त्यांनीं पत्रावर सही केली, हेंहि विसरूं नये. आपल्या आवडीनिवडी बाजूस ठेवून दुसऱ्याच्या हक्कासाठीं उभें राहणें, हेंच सार्वजनिक जीवनांतील नीतीचें पहिलें पाऊल होय.

नागरिकांच्या हक्कांसाठीं १९३४ सालीं इंग्लंडांत स्थापन झालेल्या राष्ट्रीय मंडळाचे ते पहिले अध्यक्ष झाले. १९३८ सालीं, युरोपांत हुकूमशहांचा जयजयकार चालू असतां, त्यांनीं आपल्या श्रद्धेविषयीं एक निबंध लिहिला. त्याचें सार असें कीं, ज्या काळीं प्रत्येकाला कोणत्या तरी पंथावर निष्ठा ठेवावी लागते त्या काळीं आपली निष्ठा व्यक्तिव्यक्तींमधील संबंधांवर आहे. राष्ट्र आणि मित्र यांपैकीं एकाचा घात करण्याची वेळ आली तर राष्ट्राचा करण्याइतकें धैर्य आपल्याला असावें. या वाक्यावर पुष्कळ टीका झाली. परंतु तें लिहिणाऱ्याला राष्ट्राच्या कायद्यानें जन्मभर गुन्हेगार ठरविलें होतें आणि मित्रांनींच तारलें होतें, ही गोष्ट त्या वेळच्या वाचकांस ठाऊक नव्हती. ती कळल्यावर त्या निबंधाचा अर्थ खोल होतो. पुढें ते एथिकल युनियनचे उपाध्यक्ष व १९५९ पासून केंब्रिज येथील मानवतावादी मंडळाचे अध्यक्ष होते.

इतक्यांत देशांतील वारे बदलूं लागले होते. सर जॉन वुल्फेंडेन यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीनें ४ सप्टेंबर १९५७ रोजीं आपला अहवाल प्रसिद्ध केला. प्रौढ पुरुषांनीं परस्परसंमतीनें खासगींत ठेवलेला संबंध गुन्हा मानूं नये, अशी तिची शिफारस होती. बारा सभासद अनुकूल व एक प्रतिकूल होते. त्यावर मोठा वाद माजला. समाजाची समान नीति सुटली तर समाजच विस्कटेल, म्हणून ती राखण्याचा कायद्याला अधिकार आहे, असें न्यायमूर्ति डेव्हलिन यांनीं १९५९ सालीं प्रतिपादन केलें. ऑक्सफर्डचे प्राध्यापक हार्ट यांनीं १९६३ च्या आपल्या ग्रंथांत त्याला उत्तर दिलें कीं, बहुसंख्यांना एखादी गोष्ट अप्रिय आहे एवढ्यावरून ती शिक्षापात्र होत नाहीं. या सुधारणेसाठीं झटणाऱ्यांत ए. जे. एयर यांच्यासारखे अश्रद्ध तत्त्ववेत्ते होते, तसे श्रद्धावान ख्रिस्तीहि होते. कँटरबरीच्या आर्चबिशपांनीं वुल्फेंडेन यांच्या मूळ शिफारशीस पाठिंबाच दिला होता. म्हणून हा लढा धर्म विरुद्ध अधर्म असा रंगविणें चुकीचें होईल. दोन्ही पक्षांना एकत्र आणणारें सूत्र एकच होतें : दुसऱ्याला इजा न करणाऱ्या प्रौढ माणसाला तुरुंगांत टाकणें हीच अनीति आहे.

अखेर जुलै १९६७ मध्यें इंग्लंड व वेल्सपुरता कायदा बदलला. एकवीस वर्षांवरील पुरुषांमधील खासगी संबंध गुन्हा राहिला नाहीं. फॉर्स्टर त्या वेळीं ८८ वर्षांचे होते. कायद्याच्या या मूर्खपणापायीं समाजानें आपला किती काळ फुकट घालविला, अशी चीड त्यांच्या उतारवयांतील रोजनिशींत दिसते. १९२४ नंतर त्यांनीं एकहि कादंबरी प्रसिद्ध केली नाहीं. ज्या प्रेमाविषयीं लिहावेंसें वाटतें तें लिहितां येत नाहीं आणि ज्या प्रेमाविषयीं लिहितां येतें त्याचा कंटाळा आला आहे, अशा कोंडींत सांपडलेला प्रतिभावंत ४६ वर्षें कादंबरीच्या बाबतींत मुका राहिला. या कायद्याखालीं किती जण तुरुंगांत गेले याची मोजदाद करतां येते. किती ग्रंथ लिहिले गेले नाहींत याची करतां येत नाहीं.

त्यांच्या पश्चात् ही परंपरा खंडित झाली नाहीं. १९७७ सालीं 'गे न्यूज' या पत्रावर, त्यांत छापलेल्या येशूविषयींच्या एका कवितेबद्दल, ईश्वरनिंदेचा खटला होऊन संपादकास शिक्षा झाली. त्यानंतर १९७९ सालीं इंग्लंडांतील समलिंगी मानवतावाद्यांनीं आपली स्वतंत्र संघटना उभी केली. कपाटांत लपविलेल्या हस्तलिखितापासून उघड्या सभेपर्यंतची ही वाटचाल एका मनुष्याच्या आयुष्याएवढी लांब आहे.

आपल्याकडे र. धों. कर्वे यांनीं १९२७ सालीं 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलें आणि १९५३ सालीं मृत्यु येईपर्यंत तें चालविलें. कामविषयक नीतीचा विचार शास्त्रवचनांनीं नव्हे तर बुद्धीनें व परिणामांवरून करावा, हा त्यांचा आग्रह होता. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांबद्दल १९३४ सालीं त्यांच्यावर खटला झाला तेव्हां त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनीं मांडली, शिक्षा मात्र टळली नाहीं. ३७७ वें कलम त्यानंतरहि पुष्कळ काळ टिकलें. २००९ सालीं दिल्लीच्या उच्च न्यायालयानें त्याची नांगी मोडली, २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती पुन्हां जोडली, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजीं त्याच न्यायालयाच्या पांच न्यायमूर्तींनीं प्रौढांच्या संमतीनें झालेला संबंध गुन्हा नव्हे असा एकमुखी निकाल दिला. बळजबरीपुरतें तें कलम त्यांनीं कायम ठेवलें होतें. १ जुलै २०२४ रोजीं जुन्या दंडसंहितेच्या जागीं भारतीय न्यायसंहिता आली तेव्हां मात्र तें कलम समूळ गळालें, आणि प्रौढ पुरुषावर झालेल्या बलात्कारासाठीं वेगळें कलम तींत आलें नाहीं. जुना कायदा संमति आणि बळजबरी यांना एकाच मापानें शिक्षा करीत होता. नव्यानें दोन्हींकडे एकदमच पाठ फिरविली. देवासच्या त्या निनांवी न्हाव्यासाठीं जुन्या कायद्यांत न्याय नव्हता, आणि नव्यांतहि त्याची जागा निघाली नाहीं.

म्हणून फॉर्स्टर यांचें चरित्र केवळ एका परदेशी लेखकाची कहाणी म्हणून वाचून मिटतां येत नाहीं. त्यांना कोणी भित्रे म्हणेल. हस्तलिखित कपाटांत ठेवून ते प्रतिष्ठा उपभोगीत राहिले, हें खोटें नाहीं. पण आपल्या अपराधाचा पुरावा त्यांनींच लिहून ठेवला व जाळला नाहीं, हेंहि खरें आहे. ईश्वराला साक्षी न मानणाऱ्या माणसानें आपला जबाब पुढें येणाऱ्या माणसांच्या हवालीं केला. आपल्या घरांत, नात्यांत, ओळखींत असे स्त्रीपुरुष आहेत ज्यांचें प्रेम आपल्या रीतीचें नाहीं. त्यांच्याविषयीं मत बनवितांना कोणत्या तराजूला हात घालावयाचा हें आपण ठरवावयाचें आहे. तें प्रेम कोणत्या प्रकारचें आहे हें विचारणें सोपें आहे. त्यांत दोघांचाहि मान राखला जातो काय, दुर्बळाला नाहीं म्हणतां येतें काय, आजारांत कोणी उशाशीं बसतें काय, हे प्रश्न अवघड आहेत. कारण ते एकदां विचारले म्हणजे आपल्या स्वतःच्या, विधिपूर्वक लागलेल्या संसारांनाहि विचारावे लागतात.